हिवाळी अवकाळी पाऊस, गारपीट आणि हवामानाचा अंदाज : ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्याने कितपत विसंबावे?

ठाणे जिल्ह्यात भाताची कापणी दसऱ्याच्या सुमारास हळव्या जातींपासून सुरू होते व गरव्या जाती खळ्यावर येईपर्यंत नोव्हेंबर सरत येतो. कापलेले भात दोन-तीन दिवस खाचरातच पसरून वाळवावे लागते. त्यानंतर भारे बांधून ते खळ्यावर नेतात, उडवी रचतात आणि सवडीने झोडणी करतात. त्याच सुमारास डोंगरउतारावरील गवत कापून गंजी घातल्या जातात आणि भाताच्या मागून, जमिनीतील उरलेल्या ओलीवर, वाल व हरभरा पेरला जातो. मोसमी पाऊस एकदा परत गेला की आकाश निरभ्र राहील, या भरवशावर हा सारा क्रम पिढ्यानुपिढ्या बसविलेला आहे.

हा भरवसा दरवर्षी खरा ठरत नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' हे चक्रीवादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनारा ओलांडून आत शिरले. २०१७ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात 'ओखी' वादळ कोकणच्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले व ऐन थंडीत मुंबई-ठाण्यास पावसाने झोडपून गेले. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर परतीचा पाऊस लांबला आणि कोकणात कापलेले व उभे असे दोन्ही भात पाण्यात सापडले. १ व २ डिसेंबर २०२१ रोजी मुंबई, ठाणे व पालघर या जिल्ह्यांत पुन्हा सर्वदूर अवकाळी पाऊस झाला. अशा प्रसंगी भिजलेल्या लोंब्यांना मोड येतात, दाणा काळवंडतो, भरडताना कणी अधिक पडते आणि पेंढ्याला बुरशी येऊन तो जनावरांच्या तोंडी लागत नाही. शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट घरात येण्यास चार दिवस उरले असताना हे घडते, म्हणून त्याची हळहळ अधिक.

अशा प्रत्येक घटनेनंतर दोन प्रकारचे उद्गार कानी येतात. "वेधशाळेने हे सांगितलेच नव्हते," हा एक. आणि "वेधशाळा रोजच सांगते, पडत मात्र काही नाही," हा दुसरा. एकाच गावात, कित्येकदा एकाच ओटीवर, हे दोन्ही उद्गार ऐकावयास मिळतात. दोहोंत थोडे तथ्य आहे व दोहोंत थोडी गफलतही आहे.

अंदाजाचे गणित वेधशाळेत कसे मांडले जाते, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश नाही. हाती आलेल्या अंदाजाचे शेतकऱ्याने काय करावे, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. मुख्य मुद्दा आरंभीच सांगून ठेवणे बरे. सर्वदूर पडणाऱ्या अवकाळी पावसाचा अंदाज ही एक वस्तू आहे आणि गारपिटीचा अंदाज ही दुसरी. एकाच पत्रकात, सारख्याच अक्षरांत ती दोन्ही छापली जात असली, तरी दोहोंवर सारखाच विश्वास ठेवणे अथवा दोहोंना सारखेच धुडकावणे शेतकऱ्यास परवडणारे नाही.

विस्तीर्ण पाऊस आणि चिंचोळी गारपीट

हिवाळ्यात आपल्याकडे सर्वदूर पाऊस येतो तो बहुधा दोन कारणांनी. पहिले कारण अरबी समुद्रातील कमी दाबाचे क्षेत्र अथवा वादळ. दुसरे कारण म्हणजे पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण व अफगाणिस्तान यांवरून पूर्वेस सरकणाऱ्या वातावरणातील खळबळीस हे नाव आहे. तिचा मुख्य भर काश्मीर व पंजाब यांकडे असतो. परंतु तिच्यातून निघालेला कमी दाबाचा पट्टा कधी कधी दक्षिणेस महाराष्ट्रापर्यंत उतरतो, समुद्रावरील दमट वारे त्यात ओढले जातात आणि पाऊस होतो. डिसेंबर २०२१ मध्ये ही दोन्ही कारणे एकत्र आली होती.

अशा पावसाचा पसारा शेकडो किलोमीटरांचा असतो. तो उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसतो, त्याची वाटचाल दिवसादिवसाला मोजता येते. म्हणून तीन ते पाच दिवस आधी त्याची पूर्वसूचना देणे शक्य होते व अशी सूचना बहुतेक वेळा उपयोगी पडते. ओखी वादळाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. ३० नोव्हेंबर २०१७ च्या सुमारास कन्याकुमारीजवळ त्याने इतक्या झपाट्याने रूप धारण केले, की केरळ व तमिळनाडूतील पुष्कळ मच्छीमार तोपर्यंत खोल समुद्रात गेलेले होते; तेथे फार मोठी प्राणहानी झाली व सूचना वेळेवर पोहोचली की नाही, यावर बराच वाद झाला. तेच वादळ कोकणासमोर येण्यास आणखी चार-पाच दिवस लागले. तोवर त्याचा मार्ग सर्वांस दिसत होता आणि ५ डिसेंबर रोजी मुंबई, ठाणे, पालघर, रायगड येथील शाळांना आगाऊ सुटी देता आली. वादळ एकच, परंतु जन्मस्थानाजवळ ज्या सूचनेची उणीव भासली, तीच सूचना वाटेत पुढे असलेल्यांना भरपूर मुदतीने मिळाली. अंदाज विश्वसनीय आहे काय, या प्रश्नास 'कशाचा, किती आधीचा व कोणत्या ठिकाणचा' असे तीन उपप्रश्न जोडल्याखेरीज उत्तर देता येत नाही, ते यामुळे.

गारपिटीची गोष्ट निराळी आहे. गार तयार होते ती उंच वाढलेल्या गर्जनाऱ्या मेघात. जमिनीलगतची उबदार, दमट हवा वेगाने वर चढते. सुमारे चार ते पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंशाखाली जाते. परंतु तेथेही पाण्याचे पुष्कळसे थेंब लगेच गोठत नाहीत. शून्याखालील तापमानातही ते द्रवरूपच राहतात व बर्फाचा एखादा कण भेटताच त्यावर थिजतात. वर चढणारा वारा जोरदार असेल तर हा कण तरंगत राहतो व थरावर थर चढून वाढतो. टपोरी गार मधोमध कापून पाहिल्यास कांद्यासारखी पुटे दिसतात, एक काचेसारखे स्वच्छ, एक दुधासारखे पांढरे. वाऱ्यास भार पेलवेनासा झाला म्हणजे गार खाली येते. लहान गार खालच्या उष्ण हवेतून येताना वितळून तिचा टपोरा थेंब होतो. आपल्या जिल्ह्यात, विशेषतः खाडीकाठी व किनाऱ्यालगत, गारा क्वचित दिसतात. समुद्राच्या सान्निध्यामुळे येथील हवा देशावरील हवेइतकी तापत नाही आणि जोराचे ऊर्ध्व वारे तयार होण्यास लागणारी परिस्थिती कमी वेळा जुळते. घाटाच्या पायथ्याशी, मुरबाड-शहापूरकडे, मात्र ही शक्यता थोडी अधिक धरावी लागते.

घाट चढून गेले की चित्र पालटते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ व मध्य महाराष्ट्र येथे गारपिटीचे थैमान चालले. उत्तरेकडून आलेली थंड हवा व बंगालच्या उपसागरावरून आलेले दमट वारे यांची गाठ राज्यावर पडली व ती परिस्थिती दिवसेंदिवस हटली नाही. गहू, हरभरा, कांदा, द्राक्षे, डाळिंब, मोसंबी, हाती येऊ घातलेली सर्व पिके त्यात सापडली. राज्याच्या मोठ्या भागास धोका आहे, एवढे अशा वेळी वेधशाळेस दिसू शकते. कोणत्या शिवारावर गार पडेल, हे मात्र ढग वाढू लागल्याखेरीज कळत नाही.

याचे कारण गारपिटीच्या आकारात आहे. गारांचा पट्टा बहुधा एक-दोन किलोमीटर रुंद आणि काही किलोमीटर लांब असतो. रस्त्याच्या एका अंगाची बाग झोडपली गेली व दुसऱ्या अंगाचे पान हलले नाही, असे दृश्य नाशिक-सोलापूरकडील शेतकऱ्यांनी पाहिलेले असते. आता थोडा हिशोब करू. २०१४ च्या ऑगस्टमध्ये पालघर वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर उरले. दोन किलोमीटर रुंद व दहा किलोमीटर लांब असा गारांचा एक पट्टा वीस चौरस किलोमीटर भूमी व्यापतो. म्हणजे 'ठाणे जिल्ह्यात गारपीट होईल' हा अंदाज शंभर टक्के खरा ठरला, तरी तो पट्टा आपल्याच शेतावरून जाण्याची शक्यता दोनशेत एक. असे पाच पट्टे पडले तरी ती चाळिसांत एकाच्या आसपास राहते. अशा दिवशी दहापैकी नऊ शेतकरी 'अंदाज खोटा ठरला' असे म्हणणार, हे उघड आहे. आणि वेधशाळा 'अंदाज खरा ठरला' अशी नोंद करणार, हेही उघड आहे. यात कोणीच असत्य बोलत नाही.

थंड देशांतही ही अडचण आहे, निराळ्या रूपात. तेथे हिवाळ्यात कधी कधी वरच्या उबदार थरातून पडणारा पाऊस जमिनीलगतच्या गोठलेल्या हवेत शिरतो आणि झाडे, तारा, घरे यांना स्पर्श होताच त्याचा बर्फ होतो. जानेवारी १९९८ मध्ये पूर्व कॅनडात अशा हिमवर्षावाच्या ओझ्याने विजेचे पोलादी मनोरे वाकले, दहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि मेपलच्या बागा मोडून पडल्या. जमिनीलगतची हवा एखाद्या अंशाने उबदार असती, तर तेच पाणी साधा पाऊस म्हणून वाहून गेले असते. पाणी पडणार हे सांगणे त्या मानाने सोपे. ते कोणत्या रूपात व नेमके कोठे पडणार, हे सांगणे कठीण. आपल्याकडे असे हिमवादळ होत नाही. महाबळेश्वरास वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, त्या थंडीची जात वेगळी आहे.

पावसाचे प्रमाणही जागोजाग कसे बदलते, हे ठाणेकरांना २६ जुलै २००५ ने शिकविले. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाबा येथे अवघा ७३ मिलिमीटर. दोन वेधशाळांतील अंतर पंचवीस-तीस किलोमीटरांपेक्षा अधिक नाही. हा प्रसंग पावसाळ्यातील असला तरी त्याचा धडा हिवाळ्यासही लागू आहे. उल्हास नदीच्या काठची आपली गावे त्या दिवशी पाण्याखाली गेली, तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हते.

मुदत जितकी जवळ, तितका अंदाज बारीक

हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. तिच्यामागे १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ व त्यानंतरची अवर्षणे ही तातडीची कारणे होती. शेतकऱ्यांसाठी आकाशवाणीवरून स्वतंत्र हवामानवृत्त देण्यास १९४५ मध्ये प्रारंभ झाला. आज जिल्ह्यासाठी कृषि हवामान सल्ला पत्रक आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी, निघते व त्यात पुढील पाच दिवसांचा अंदाज असतो. तो 'मेघदूत' या मोबाइलवरील साधनातही वाचता येतो. याखेरीज दररोजचे जिल्हावार इशारे असतात आणि ढग जमू लागल्यावर पुढील तीन तासांपुरती तातडीची सूचना निघते.

पुष्कळ शेतकरी यांतील एकच काहीतरी पाहतात, आणि तेही मंगळवारी पाहिलेले शुक्रवारपर्यंत धरून बसतात. पाच दिवसांचा अंदाज कामांची आखणी करण्यासाठी आहे : मजूर कधी सांगावेत, कापणी दोन दिवस पुढे ढकलावी काय, फवारणी करावी की थांबावे. आदल्या दिवसाचा अंदाज हा कामाचा अंदाज. त्यावर ताडपत्री बाहेर काढावयाची. तीन तासांची सूचना जीव वाचविण्यासाठी आहे. माणसे शेतातून परतविणे, गुरे गोठ्यात घेणे, झाडाखाली आसरा न घेणे एवढेच तेवढ्या वेळात होते. वीज पडण्याची सूचना देणारे 'दामिनी' हे साधन याच कामाचे आहे. गारपिटीविषयी खरोखर विश्वासार्ह अशी माहिती मिळते ती या शेवटच्या टप्प्यातच, कारण ढगातील गारा रडारला तेव्हाच दिसतात.

रडारलाही मर्यादा आहे. पृथ्वी वाटोळी असल्याने कुलाब्याहून निघालेली त्याची शलाका जसजशी दूर जाते तसतशी जमिनीपासून उंच होते. शंभर किलोमीटरवर ती एक-दीड किलोमीटर उंचीवरून जाते. माळशेजच्या पायथ्याशी जमिनीलगत काय चालले आहे ते तिला पुरते दिसत नाही. गारांचे उंच ढग दिसतात, ही त्यातली समाधानाची गोष्ट.

पत्रकातील शब्दांचा अर्थ

पत्रकातील शब्द सैल वाटले तरी ते मोजून वापरलेले असतात. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी जास्तीत जास्त चतुर्थांश केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे चतुर्थांश ते निम्म्या केंद्रांवर, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्या ते पाऊण, आणि त्याहून अधिक असल्यास 'बहुतेक सर्व ठिकाणी'. 'हलका पाऊस' म्हणजे चोवीस तासांत साधारण अडीच ते साडेपंधरा मिलिमीटर; 'मध्यम' म्हणजे चौसष्टपर्यंत; त्यापुढे 'मुसळधार' व ११५.६ पासून 'अति मुसळधार'. पावसाळ्यात हलक्या पावसाकडे कोणी पाहत नाही; पण नोव्हेंबरात पसरलेल्या भातास दहा मिलिमीटर पाऊस पुरेसा घातक आहे. म्हणून हिवाळी पत्रकात 'हलका' हा शब्द वाचून निश्चिंत होऊ नये. वेधशाळेच्या दृष्टीने जो हलका, तो खळ्याच्या दृष्टीने जड असू शकतो.

रंगांचा अर्थही असाच ध्यानात ठेवावा. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे कृती करा. हा रंग संपूर्ण जिल्ह्यास मिळून दिलेला असतो. उत्तनच्या कोळीवाड्यापासून कसाऱ्याच्या घाटापर्यंत एकच रंग, हे लक्षात घेतल्यास त्याच्याकडून आपल्या बांधाची माहिती कोणी मागणार नाही.

खर्च व नुकसान यांचा मेळ

मुरबाडकडील शेतकरी मंडळींशी बोलताना एक प्रश्न हटकून येतो : "साहेब, दहा वेळा सांगतात आणि तीन वेळा पडतो. मग दहा वेळा उडवी झाकायची का?" प्रश्न अगदी रास्त आहे व त्याचे उत्तर वेधशाळेकडे नसून शेतकऱ्याच्या स्वतःच्या हिशोबात आहे.

समजा, एका एकरातील कापलेले भात घाईने गोळा करून झाकण्यास जादा मजुरीसह १,२०० रुपये खर्च येतो व ते भिजल्यास ६,००० रुपयांचे नुकसान होते. (आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत.) दहा वेळा झाकले तर खर्च १२,००० रुपये. एकदाही झाकले नाही व तीन वेळा पाऊस आला, तर नुकसान १८,००० रुपये. म्हणजे दहापैकी सात वेळा 'खोटा' ठरणारा अंदाजही या शेतकऱ्याने पाळलेलाच बरा. याउलट दहात एकदाच पाऊस येत असेल, तर न झाकता ६,००० रुपयांवर भागते व झाकणे तोट्याचे ठरते. खर्चास नुकसानीने भागावे. येथे उत्तर एक-पंचमांश येते. पाऊस येण्याची शक्यता पाचांत एकाहून अधिक असेल तर झाकावे, कमी असेल तर झाकू नये. स्वतःची ताडपत्री असेल तर खर्च उतरतो आणि कमी शक्यतेच्या इशाऱ्यावरही काम करणे परवडते. गटाने चार ताडपत्र्या घेऊन ठेवण्याचा खरा लाभ हा आहे.

आता हाच हिशोब गारपिटीस लावून पाहू. फेब्रुवारीअखेर कलिंगडाचा मळा दहा दिवसांत तयार होणार आहे व जिल्ह्यास गारपिटीचा इशारा मिळाला आहे. घाबरून अर्धकच्चे फळ उतरविल्यास भावात ८,००० रुपये जातात. गार पडली तर २०,००० रुपये जातात. येथे खर्चाचे नुकसानीशी प्रमाण दोन-पंचमांश आहे, म्हणजे आपल्या मळ्यावर गार पडण्याची शक्यता शंभरात चाळीसहून अधिक असेल तरच फळ उतरवावे. प्रत्यक्षात ती, वर दाखविल्याप्रमाणे, पाच पट्टे धरले तरी चाळिसांत एक. म्हणून पूर्ण पिकलेली फळे तेवढी काढावीत व बाकीची वेलावर राहू द्यावीत. गारपिटीच्या इशाऱ्यावर फुकट किंवा स्वस्त असलेले सर्व उपाय करावेत, महागडे उपाय करू नयेत. रोपवाटिकेवर जाळी ओढणे, तयार भाजी तोडून घेणे, जनावरे आत बांधणे हे स्वस्त उपाय आहेत. आवाजाच्या धक्क्याने गारा फोडणाऱ्या तोफा काही बागायती भागांत विकल्या जातात. त्यांस शास्त्रीय आधार नाही, असे जागतिक हवामान संघटनेचे मत आहे. त्यांवर पैसा घालवू नये.

अंदाज तपासण्याची वही

अंदाज खरा किती निघतो, हे आठवणीवर सोडू नये. चुकलेला अंदाज माणसाच्या लक्षात राहतो, बरोबर आलेला विसरला जातो. त्यासाठी वही ठेवावी. मात्र नोंदींचा अर्थ लावताना एक फसगत टाळली पाहिजे व तीबद्दल अमेरिकेतील एक जुनी हकीगत उद्बोधक आहे. १८८४ साली तेथील सैन्याच्या हवामान विभागातील फिन्ली या अधिकाऱ्याने चक्रवाताचे, म्हणजे तेथील विध्वंसक वावटळींचे, अंदाज प्रसिद्ध केले आणि ते शेकडा ९६.६ बरोबर आल्याचे सांगितले. एकूण अंदाज २,८०३. त्यांवर गिल्बर्ट नामक भूशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की 'आज वावटळ नाही' एवढेच रोज म्हटले असते तर शेकडा ९८.२ अंदाज बरोबर आले असते! कारण वावटळी मुळातच विरळा. फिन्लीने 'येईल' असे १०० वेळा सांगितले. त्यांपैकी २८ वेळा ती आली. एकूण वावटळी ५१ झाल्या. त्यांपैकी २८ आधी सांगितल्या गेल्या व २३ न सांगता आल्या.

ठाण्यात जानेवारीत रोज 'पाऊस नाही' म्हणणारा मनुष्यही जवळपास रोज खरा ठरेल. पण त्याचा शेतीस काडीचा उपयोग नाही. म्हणून वहीत दोनच प्रश्नांची उत्तरे काढावीत. 'येईल' असे सांगितल्यापैकी किती वेळा आले? आणि जितके वेळा आले, त्यापैकी किती वेळा आधी सांगितले होते? पहिल्या उत्तरावरून वर सांगितलेला झाकण्याचा हिशोब करावा. दुसऱ्या उत्तरावरून बेसावध असताना गाठले जाण्याचा धोका किती, ते कळते. दोन-तीन हंगामांच्या नोंदी झाल्या की आपल्या गावापुरता अंदाज काढता येतो, जो कोणत्याही पत्रकात छापलेला नसतो. मुंग्यांची अंडी, वाऱ्याची दिशा, पंचांगातील पर्जन्यविचार यांवर ज्यांची श्रद्धा असेल त्यांनी त्यांचीही नोंद याच वहीत, याच दोन प्रश्नांखाली, करून पाहावी. कोणाचाही उपहास करण्याची गरज पडणार नाही. वहीच निवाडा देईल.

पाऊस मोजण्यास सरळ उभ्या बाजूंचा, सपाट तळाचा डबा उघड्या जागी, झाड व भिंत यांपासून दूर, जमिनीवर घट्ट बसवावा. सकाळी साडेआठ वाजता आतील पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून तो रिकामा करावा. वेधशाळेचा दिवसही सकाळी साडेआठलाच संपतो व चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर लिहिला जातो. बुधवारी दुपारी झालेला पाऊस त्यामुळे गुरुवारच्या नोंदीत सापडतो. हे ठाऊक नसल्याने 'बुधवारचा अंदाज चुकला' असा गैरसमज होतो. गार पडल्यास वेळ, किती मिनिटे पडली आणि आकार (हरभऱ्याएवढी, आवळ्याएवढी, लिंबाएवढी) हे लिहून ठेवावे.

कोणत्या कामासाठी काय पाहावे

भातासाठी सर्वांत महत्त्वाचा काळ कापणीनंतरच्या तीन दिवसांचा. पाच दिवसांच्या अंदाजात बऱ्याच ठिकाणी पाऊस दिसत असेल, तर पक्व भातही दोन-तीन दिवस उभेच ठेवलेले बरे. उभ्या भाताची लोंबी पाऊस थांबल्यावर वाऱ्याने लवकर सुकते, जमिनीवर पसरलेली सुकत नाही. मात्र भात आडवे पडू लागले असेल किंवा दाणे गळत असतील तर हा नियम लागू नाही. सर्व खाचरे एकाच दिवशी कापू नयेत. जेवढे एका दिवसात उचलता येईल तेवढेच पाडावे. उडवी उंचवट्यावर, खाली दगड अथवा फांद्यांचा थर देऊन रचावी आणि लोंब्या आत वळवाव्यात. गवताच्या गंजीचा माथा निमुळता ठेवून पेंढ्याने शाकारला तर हलका पाऊस बाहेरूनच निथळून जातो.

वाल व हरभरा यांना पेरणीनंतर थोडा पाऊस लाभतोही. फुलोऱ्यात मात्र तो नुकसान करतो आणि ढगाळ हवा राहिल्यास किडी वाढतात. आंब्याच्या मोहोरावर पाऊस व दमट हवा आली की करपा व भुरी यांचा जोर होतो आणि तुडतुडेही वाढतात. येथे अंदाजाचा उपयोग फवारणीची वेळ ठरविण्यास करावा. पाऊस संभवत असता केलेली फवारणी धुऊन जाते. ती पावसापूर्वी घाईने उरकण्यापेक्षा पाऊस सरल्यावर, कृषि विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे करावी. शहापूर-मुरबाडकडील भेंडीवाल्यांनी इशाऱ्याच्या आदल्या सायंकाळी तोडा करून घ्यावा. कच्च्या विटा पाडणाऱ्या भट्टीवाल्यांना व उत्तनकडे बोंबील वाळत घालणाऱ्या भगिनींनाही हिवाळी पावसाचा फटका तितकाच बसतो. त्यांच्या बाबतीत झाकण्याचा खर्च अल्प व नुकसान मोठे असल्याने अगदी पुसट इशाराही पाळावा.

एवढे करूनही नुकसान झाल्यास पंचनाम्याची वाट पाहत पीक तसेच ठेवू नये. पण हलविण्यापूर्वी शेतातील स्थितीची छायाचित्रे घ्यावीत आणि तलाठी व तालुका कृषि अधिकारी कार्यालय यांना त्याच दिवशी कळवावे. पीकविम्याच्या अटी व कोणते नुकसान भरपाईस पात्र धरावे याचे नियम वेळोवेळी बदलले गेले आहेत. गेल्या हंगामातील नियम गृहीत न धरता, चालू हंगामाच्या अटी विमा उतरवितानाच कार्यालयातून समजून घ्याव्यात. वर सांगितलेल्या वहीतील पावसाच्या व गारांच्या तारीखवार नोंदी अशा वेळी जवळ असल्यास मंडळातील पर्जन्यमापकाचा आकडा व आपल्या शेतातील वस्तुस्थिती यांतील तफावत अधिकाऱ्यास दाखविणे सोपे जाते.